स्लरी खाली का बसते, आणि बसणार की नाही हे आधी कसं ओळखायचं? (स्लिप, ग्लेझ, फौंड्री कोटिंग)

वस्त्रगाळ

नमस्कार मंडळी. मातीकामाच्या धाग्यावर मृद्गंधाताईंनी विचारलं होतं की ग्लेझची (भांड्यावर भाजून काच होणाऱ्या लेपाची) बादली थोडे दिवस तशीच राहिली की तळाशी दगड कसा काय होतो. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी अ‍ॅल्युमिनाच्या मुशी आणि थर्मोकपलच्या नळ्या स्लिप कास्टिंगने (स्लिप, म्हणजे पूड-पाण्याचं पातळ मिश्रण, प्लॅस्टरच्या साच्यात ओतून) काढणाऱ्या एका लहान कारखान्यात आहे, तेव्हा उदाहरणं अ‍ॅल्युमिनाची जास्त येतील (अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड). पण ग्लेझ असो, चिनी मातीची स्लिप असो की फौंड्रीच्या साच्यांना लावायचं झिरकॉनचं कोटिंग, दुखणं एकच: पाण्यापेक्षा जड पूड पाण्यात धरून ठेवायची. अशा मिश्रणालाच स्लरी म्हणतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. ‘स्लरी टिकते’ म्हणजे काय? कण एकमेकांना चिकटत नाहीत, हा एक अर्थ. कण तळाशी जात नाहीत, हा दुसरा. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही एकच धरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. कारण ज्या स्लरीतले कण उत्तम सुटे झालेले असतात, तीच पुष्कळदा सगळ्यात कठीण साका धरते.

आकडे पाहा. अ‍ॅल्युमिनाची घनता पाण्याच्या साधारण ३.९५ पट. एक मायक्रॉन व्यासाचा सुटा कण साध्या पाण्यात स्टोक्सच्या नियमाने तासाला जवळपास ६ मिमी खाली जातो, म्हणजे दिवसाला १४ सेंमी. अर्ध्या मायक्रॉनचा दिवसाला साडेतीन सेंमी. वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दहा मायक्रॉनचा जाडा कण तासाभरात अर्ध्या मीटरहून जास्त उतरतो. म्हणून दळण आणि चाळण आधी, रसायनं नंतर. मिलमधून ३२५ मेशच्या (फार बारीक) चाळणीवर राहणारा चोथा जास्त असेल तर कुठलाही डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) त्याला वर धरणार नाही.

हे झालं विरळ पाण्यातलं. घनफळाने ४० टक्के पूड असलेल्या स्लिपमध्ये कण खाली यायचे तर तेवढंच पाणी वर सरकायला हवं आणि त्याची वाट अरुंद असते. रिचर्डसन आणि झाकी यांच्या १९५४च्या सूत्राने हिशेब केला तर वेग एकट्या कणाच्या अकराव्या हिश्शावर येतो. अ‍ॅल्युमिनासाठी ४० टक्के घनफळ म्हणजे वजनाने सुमारे ७२ टक्के पूड. एवढी दाट स्लिप नुसत्या पाण्यात कालवली तर कणीक होते, ओतता येत नाही. डिस्पर्संट लागतो तो इथे.

मोजायची सुरुवात १०० मिलिच्या काचेच्या सिलिंडरने करा. स्लरी चांगली ढवळून खुणेपर्यंत भरा, तोंडावर प्लॅस्टिक ताणून रबर लावा, आणि जिथे कंप्रेसरचा हादरा आणि ऊन पोचत नाही अशा फळीवर ठेवा. सिलिंडर अगदी सरळ उभा हवा. वाकडा राहिला तर कण भराभर बसतात. बॉयकॉट नावाच्या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने १९२०मध्ये रक्ताच्या नळ्यांत हे टिपलं होतं. मग वरचं पाणी किती मिलि निवळलं, ते काचेसारखं आहे की दुधट, साका किती उंच आहे आणि काचेच्या कांडीला कसा लागतो, एवढं लिहून ठेवा.

वरचं पाणी लख्ख आणि साका उंच, फुगलेला, कांडी सहज आत जाते: कणांचे पुंजके झालेत. वरचं पाणी दिवसेंदिवस दुधट आणि तळाशी पातळ पण टणक थर: कण सुटे आहेत, एकेकटे खाली जाऊन घट्ट रचले गेलेत. पहिली स्लरी दिसायला वाईट, पण दोनदा ढवळली की वापरता येते. दुसरी दिसायला सुरेख, पण तळ खरवडायला छिन्नी लागते. मला दोन्ही नको असतात, पण कोणतं चालेल हे कामावर ठरतं.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

मृद्गंधा

वस्त्रगाळदादा, किती नीट लिहिलंत! माझं ग्लेझ अगदी तुमच्या दुसऱ्या प्रकारात बसतं. नेफेलिन सायनाइट (भट्टीत वितळणारा दगड) बरंच, थोडं फ्रिट (दळलेली काच), क्वार्ट्झ, आणि चिनी माती ५ टक्के. वरचं पाणी पांढुरकं राहतं आणि खाली असा थर की लाकडी पळी उभीच्या उभी मोडली. साहित्य विकणाऱ्या एकांनी सांगितलं की सोडियम सिलिकेटचे थेंब टाका, स्लरी ‘मोकळी’ होईल. टाकू का?

(म्हापशाला माझा छोटा स्टुडिओ आहे. पावसाळ्यात बादल्या जास्त दिवस पडून राहतात.)

वस्त्रगाळ

ताई, सोडियम सिलिकेट अजिबात नको. तुमचे कण आधीच जास्त मोकळे झालेत. नेफेलिन सायनाइट आणि काही फ्रिटं पाण्यात हळूहळू सोडियम सोडतात, पाणी अल्कधर्मी होत जातं, आणि ग्लेझ आपलं आपण डिफ्लॉक्युलेट होतं, म्हणजे त्यातले कण सुटे होतात. म्हणूनच पहिल्या दिवशी छान असतं आणि पडून राहिलं की दगड होतं.

तुम्हाला उलट दिशेने जायचंय, कण किंचित एकमेकांना धरतील असं. चिनी माती १० ते १५ टक्क्यांपर्यंत नेता आली तर उत्तम. ती वाढवताना क्वार्ट्झ आणि नेफेलिन त्या हिशेबाने कमी करा, कारण मातीतून सिलिका आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही येतात, नाहीतर भट्टीत पोत बदलेल. बेन्टोनाइट (पाण्यात फुगणारी माती) १ ते २ टक्के. तो तयार ओल्या ग्लेझमध्ये भुरभुरवू नका, गुठळ्या होतात आणि त्या चाळणीतून दाबूनही जात नाहीत. कोरड्या पुडीत मिसळा, किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून मग ओता.

त्यानंतर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). गरम पाण्यात विरघळेल तितकं विरघळवून बाटलीत ठेवा आणि ग्लेझमध्ये थेंबाथेंबाने घालत ढवळा. कोरड्या वजनाच्या ०.२ टक्क्याच्या आसपास पुरतं. ढवळणं थांबवल्यावर भोवरा गरगरत न राहता चटकन थबकतो आणि किंचित मागे येतो, तिथे थांबा. दाट वाटलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. आधी १०० मिलि ग्लेझ काट्यावर तोला. १४५ ग्रॅम भरलं तर सापेक्ष घनता १.४५. हा आकडा दर वेळी तोच ठेवा आणि दाटपणा फक्त एप्समने जुळवा. पाणी किती आणि पुंजके किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींचं उत्तर पाण्याच्या तांब्यात शोधलं की बादली कधीच ताळ्यावर येत नाही.

रानवारा

माझा या क्षेत्राशी काही संबंध नाही, पण वाचताना गुंतलो. आमच्याकडे पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची, आणि त्याआधीच्या पिढीत निवळीची बी भांड्याला आतून घासायचे. पाणी तासाभरात नितळ. हे तुमच्या पुंजक्यांचंच प्रकरण का?

कणाकणाने

रानवारा, हो, तेच. पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा आयन तीन धन भारांचा. जितका आयनवर भार जास्त, तितका तो थोडक्यात काम करतो. शुल्झ-हार्डी नियमाप्रमाणे एक भाराच्या सोडियमशी तुलना केली तर कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखा दोन भारांचा आयन ६४ पट कमी पुरतो आणि तीन भारांचा ७२९ पट कमी. हे सिद्धांतातले आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होतात. शिवाय तुरटीपासून हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा साका तयार होतो आणि तो जाताजाता गाळ गुरफटून नेतो. निवळीच्या बीमध्ये लांब साखळ्यांची द्रव्यं असतात, ती कणाकणांत पूल बांधतात.

हाच नियम कारखान्यात उलटा नडतो. बोअरच्या पाण्यात स्लिप कालवली की पाण्यातला कॅल्शियम तुमचा डिस्पर्संट खातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिग्रॅ आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिग्रॅपर्यंत सूट आहे. प्यायला चालणारं हे पाणी स्लिपला चालेलच असं नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरवेलवाल्यांनी हे आधी तपासावं.

मी जर्मनीत अ‍ॅल्युमिना आणि झिरकोनियाच्या दाट स्लरीवर काम करते, म्हणून झेटा पोटेन्शियलबद्दल (कणाभोवतीच्या भाराचं मिलिव्होल्टमधलं माप) लिहिते. कणाच्या पृष्ठभागावरचा भार पीएचवर अवलंबून असतो. ज्या पीएचला झेटा शून्य होतो तो समविद्युत बिंदू. अ‍ॅल्युमिनाचा ८ ते ९.५ च्या दरम्यान, सिलिकाचा २ ते ३. म्हणजे पीएच ५-६ ला अ‍ॅल्युमिना धन आणि सिलिका ऋण. दोन्ही एका भांड्यात असतील तर ओढले जाऊन गोळे होणारच. नुसत्या अ‍ॅल्युमिनाची स्लिप नायट्रिक आम्ल घालून पीएच ४ ला छान सुटी राहते, पण ती प्लॅस्टरच्या साच्याला खाते. त्यापेक्षा अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हा लांब साखळीचा डिस्पर्संट घालून पीएच ९ च्या आसपास राहणं बरं. ती साखळी कणावर बसते, स्वतःचा ऋण भार आणते आणि समविद्युत बिंदू पार आम्लाकडे सरकवते. सिसॅरानो आणि अक्साय यांनी १९८८मध्ये पॉलिमेथाक्रिलिक आम्ल आणि अ‍ॅल्युमिनावर हे फार सुंदर दाखवलं: पीएच वाढेल तशी कणावर बसणाऱ्या पॉलिमरची गरज कमी होते.

टायट्रेशन

छान माहिती. आमच्या लॅबमध्ये नियम सोपा आहे: झेटा ±३० मिलिव्होल्टच्या पुढे गेला की स्लरी स्थिर. बाकी सिलिंडर वगैरे जुन्या काळच्या पद्धती. एक थेंब स्लरी, डिस्टिल्ड वॉटरने विरळ करायची, पाच मिनिटांत आकडा हातात.

कणाकणाने

टायट्रेशन, मी सहमत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

३० मिलिव्होल्ट हा ठोकताळा कण एकमेकांना चिकटतील का एवढंच सांगतो. डेर्यागिन-लांडाऊ (१९४१) आणि फेरवे-ओवरबेक (१९४८) यांच्या सिद्धांतात ओढ आणि लोट यांचा हिशेब आहे, त्यात गुरुत्वाकर्षण कुठेच नाही. तुम्ही पाच मायक्रॉनची झिरकॉनची पूड −५० मिलिव्होल्टला नेऊन ठेवली तरी ती खाली बसणार, आणि वस्त्रगाळ म्हणाले तशी घट्ट बसणार.

दुसरं, डिस्टिल्ड वॉटरने विरळ केलंत की तुम्ही वेगळीच स्लरी मोजताय. मूळ स्लरीतल्या पाण्यात क्षार आहेत, सुटा पॉलिमर आहे, ठरावीक पीएच आहे. विरळ करताना क्षार हजार पटीने उतरतात, भाराचा थर फुगतो आणि झेटा खोटा चांगला दिसतो. थोडी स्लरी सेंट्रिफ्यूज करा, वरचं निवळ पाणी बाजूला काढा आणि त्याच पाण्यात एक थेंब स्लरी सोडून मोजा. दाट स्लरीतच मोजायचं असेल तर ध्वनिलहरींवर चालणारी इलेक्ट्रोअकूस्टिक यंत्रं असतात.

साठवणीत काय होतं ते थेट पाहायची यंत्रंही आहेत. टर्बिस्कॅनमध्ये नळीच्या उंचीभर ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकून पार गेलेला आणि मागे फिरलेला प्रकाश मोजतात. डोळ्यांना काही दिसायच्या आधी तळाशी होणारा बदल आलेखात दिसतो. शिवाय कण जागच्या जागी मोठे होताहेत की नुसते खाली सरकताहेत, हेही वेगळं कळतं: पहिल्यात आलेख सगळ्या उंचीवर एकदम हलतो, दुसऱ्यात फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने बसवून पाहायची यंत्रंही चांगली, पण एक धोका. जी स्लरी हलक्या जाळ्यामुळे उभी आहे तिला हजारपट गुरुत्वाकर्षण दिलं की जाळं कोसळतं, आणि फळीवर महिनोन्‌महिने टिकणारी स्लरी यंत्रात नापास होते.

टायट्रेशन

निवळ पाण्याने विरळ करायचा मुद्दा पटला, तो आजपासून लॅबमध्ये लागू करतो. आम्ही ५०० नॅनोमीटरखालच्या पुडीवर काम करतो, तिथे ३० चा ठोकताळा बराच चालतो म्हणून तसं लिहिलं. जाड्या कणांचं मान्य.

शिरोलीकर

राम राम. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला कोटिंग लावायच्या विभागात आहे. आमचं कोटिंग म्हणजे झिरकॉन पूड, घनता ४.६ च्या वर. ड्रम उघडला की खाली निम्मा माल आणि वर पाणी, ही रोजची तक्रार. ऑपरेटर वरचंच उचलतात, मग पहिल्या साच्यांना थर पातळ आणि ड्रम संपत आला की जाड. कास्टिंगवर वाळू चिकटते ती त्यामुळे.

आमच्याकडे बॉमे मीटर (तरंगणारा घनतामापक) टाकून बघायची पद्धत. ५० बॉमे म्हणजे घनता १.५३ च्या जवळ. पण कोटिंगला जरा चिकटपणा आला की मीटर मध्येच अडकून उभा राहतो, हाताने दाबला की खाली, सोडला की तिथेच. वस्त्रगाळसाहेबांसारखं १०० मिलि तोलणंच खरं. अजून एक, वॉटर बेस कोटिंगमध्ये सीएमसी किंवा झँथन गम (दाटपणा आणणारा डिंक) असतो, तो एप्रिल-मेमध्ये नासतो. ड्रमला आंबूस वास आला की समजायचं, दोन दिवसांत पातळ होणार आणि सगळं खाली बसणार. त्याला ढवळून उपयोग नाही, बायोसाइड (जंतुनाशक) आधीपासून हवा.

स्पिरिट बेसवाल्यांनी साधा बेन्टोनाइट घालू नये. अल्कोहोलमध्ये तो फुगत नाही, नुसता वाळूसारखा पडून राहतो. त्यासाठी प्रक्रिया केलेला सेंद्रिय बेन्टोनाइट येतो.

वांकानेर फाटा

शिरोलीकरांना +१. मी मोरबीकडे टाइल्सच्या कारखान्यात बॉडी स्लिप (टाइलच्या मातीची स्लिप) बघतो. आमचं ध्येय तुमच्यापेक्षा वेगळं: स्प्रे ड्रायरमध्ये (स्लिप फवारून वाळवायच्या यंत्रात) जितकं पाणी कमी जाईल तितका गॅस वाचतो, म्हणून कमीत कमी पाण्यात वाहणारी स्लिप हवी. टाकीत ढवळणारा पंखा चोवीस तास चालतो, तेव्हा खाली बसायची फार चिंता नाही. पण धुण्याचं पाणी परत मिलमध्ये घेतो, त्यात क्षार साचत जातात. पावडर तीच, माती तीच, आणि सोडियम सिलिकेटचा डोस हळूहळू चढत जातो. पाण्याची कंडक्टिव्हिटी रोज लिहायला लागल्यापासून हे आधी कळतं. खिशातला टीडीएस पेनसुद्धा पुरतो.

चिनी मातीत अजून एक गंमत आहे. मातीचा कण पापुद्र्यासारखा. पापुद्र्याची सपाट बाजू ऋण, कडा आम्लाकडे धन. कडा सपाट बाजूला चिकटून पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि त्यात पाणी अडकतं. सोडियम सिलिकेट कडांचा भार पालटून तो बंगला पाडतं, म्हणून दोन-तीन थेंबांत घट्ट चिखल एकदम वाहायला लागतो.

मृद्गंधा

मी स्लिप कास्टिंगही करते थोडं. उरलेले कापलेले तुकडे परत स्लिपमध्ये टाकते, आणि दर वेळी स्लिप जास्त अडते. हे पण पाणीच का?

वस्त्रगाळ

ताई, ते प्लॅस्टर. जिप्सम लिटरभर पाण्यात जवळपास अडीच ग्रॅम विरघळतं. साच्याला लागलेल्या तुकड्यांबरोबर कॅल्शियम आणि सल्फेट दोन्ही स्लिपमध्ये येतात, आणि कणाकणानेताईंनी लिहिलेला ६४ पटींचा हिशेब लागू होतो. तुकडे वेगळ्या बादलीत ठेवा, नव्या स्लिपमध्ये थोड्याच प्रमाणात मिसळा. पुस्तकात सल्फेट काढायला बेरियम कार्बोनेट सांगतात. कारखान्यात आम्हीही वापरतो, पण ते विषारी आहे. घराशी जोडलेल्या स्टुडिओत, मुलं फिरत असताना, मी ते आणणार नाही.

डिस्पर्संट किती घालायचा ते नेमकं काढायची रीत लिहून ठेवतो, बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलंय. स्लिपचे सारखे भाग करा. प्रत्येकात डिस्पर्संट पुडीच्या वजनाच्या ०.१ टक्क्याने वाढवत न्या, नीट मिसळा आणि रात्रभर ठेवा, कारण पॉलिमर कणावर बसायला वेळ घेतो. सकाळी फोर्ड कपमधून (तळाला भोक असलेल्या मापाच्या भांड्यातून) किती सेकंदांत रिकामं होतं ते मोजा. सेकंद आधी झपाट्याने उतरतात, मग एक सपाट तळ येतो, आणि पुढे पुन्हा चढतात, कारण कणावर जागा न मिळालेला पॉलिमर पाण्यात मोकळा फिरून कणांना एकत्र ढकलतो. एक मायक्रॉनच्या आतल्या अ‍ॅल्युमिनाला ०.३ ते ०.५ टक्क्यांत हा तळ सापडतो असा आमचा अनुभव. साच्यात ओतायची स्लिप मी तळाच्या किंचित अलीकडे ठेवतो. अगदी तळावर नेली तर भिंत फार घट्ट धरते, पाणी साच्यात हळू जातं आणि नळी सुटताना तडकते.

मिलमध्ये दळताना नवा पृष्ठभाग तयार होत राहतो, म्हणून सगळा डोस सुरुवातीला ओतू नका, थोडा शेवटच्या तासासाठी राखा. आणि अमोनियम प्रकारचा डिस्पर्संट असेल तर पिंपाचं झाकण घट्ट लावा. अमोनिया उडून जातो, पीएच घसरत जातो आणि स्लिप विनाकारण जाड व्हायला लागते. अशा वेळी आणखी डिस्पर्संट घालण्याआधी पीएच बघा. थोडं अमोनियाचं पाणी पुष्कळदा पुरतं.

मृद्गंधा

सगळ्यांचे आभार. करून पाहिलं ते सांगते. चिनी माती १२ टक्के, बेन्टोनाइट भिजवून १ टक्का, एप्सम थेंबाने, घनता १.४५ कायम. सिलिंडरमध्ये आता वर थोडं अगदी नितळ पाणी येतं आणि खाली साका मऊ आहे, कांडी स्वतःच्या वजनाने तळाला टेकते. तोच सिलिंडर उलटासुलटा केला की पुन्हा एकजीव. जुन्या ग्लेझचा सिलिंडर शेजारी ठेवलाय, त्यात वरचं पाणी अजून दुधट आणि तळ घट्ट.

एकच बदल जाणवला: बिस्किट (एकदा भाजलेल्या, ग्लेझ नसलेल्या) भांड्यावर थर लवकर आणि जाड चढतो, त्यामुळे बुडवायचा वेळ कमी करावा लागला. भट्टीतून रंग तसाच आलाय, चकाकी किंचित मंद आहे.

वस्त्रगाळ

जाड चढणार, पुंजक्यांच्या थरातून पाणी भांड्यात चटकन शोषलं जातं. बुडवायचा वेळ कमी करणंच बरोबर. चकाकीसाठी माती १० वर आणून फ्रिट एका टक्क्याने वाढवून एक चाचणी टाइल लावा, आणि त्या बॅचचाही सिलिंडर भरून तारीख लिहून ठेवा.

शिरोलीकर

ताई, बादलीत झँथन वगैरे काही घातलं नाही ना? घातलं असेल तर म्हापशाच्या दमट हवेत वासावर लक्ष ठेवा.

मृद्गंधा

नाही दादा, गम कुठलाच नाही. फक्त माती, बेन्टोनाइट आणि एप्सम.